हीटरच्या पेटीचा राखणदार

थोरल्या दिरांची जिरवायचीच, हे धाकटीनं मनाशी पक्कं केलं होतं. आज चाचणीला रुग्णालयाच्या बाई स्वतः आल्या होत्या. याहून चांगला मुहूर्त कुठला!

घरचाच कारखाना, नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांचा; धाकटीही तिथंच कामाला. पेटीतला वॉचडॉग टायमर म्हणजे राखणदार. प्रोग्रामनं त्याच्याकडे सारखी हजेरी लावायची. दोन सेकंद हजेरी चुकली की त्यानं बोर्ड रीसेट करून हीटर बंद करायचा. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा कोड, दिरांचा. दोन वर्षांपूर्वी एका पेटीचा प्रोग्राम अडकून ती तापली, तेव्हा दिरांनी खापर फोडलं ते सख्ख्या धाकट्या भावावर, म्हणजे हिच्या नवऱ्यावर. "याची चाचणीच ढिसाळ!" झालं, भाऊ कामावरून बाहेर. तेव्हापासून तो घरातही मान खाली घालून वावरायचा. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

दिरांनी कोडमधली हजेरीची ओळ काढून दाखवली. दोन सेकंदांत बोर्ड रीसेट. "बघा, चोख!"

"दादा, मीही एकदा बघू का करून?" धाकटी साखर पेरत म्हणाली.

तिनं हजेरीला हातच लावला नाही. हीटर चालू असताना मुख्य प्रोग्राम अडकवून टाकला. हजेरीचं काम दिरांनी बोर्डावरच्या वेगळ्याच टायमरला दिलेलं. प्रोग्राम मेला तरी तो बिनडोक आपला हजेरी लावतच राहिला. अडतीस अंश. एकोणचाळीस.

"अगं, बंद कर!"

"मी कशाला? तुमचा राखणदार करील की!"

चाळीसला दिरांनीच प्लग उपटला.

"आता सांगा, तेव्हा चूक कोणाची होती?"

"माझी," दीर पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"माझी! त्याची नव्हती!"

अस्सा जीव थंड झाला तिचा!

बाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "आमच्याकडच्या चाळीस पेट्यांत हाच ड्रायव्हर आहे. तुम्हाला हे कधी कळलं?"

"झाले की तीन आठवडे," धाकटी तोऱ्यात बोलून गेली.

बाईंनी आधी फोन लावला. "सगळ्या पेट्या बंद करा. बाळांना बाहेर काढा, आत्ताच्या आत्ता." मग अहवाल पुढे ओढला. "दोष तीन आठवडे दडवला. कोणी? पूर्ण नाव सांगा."

धाकटीनं स्वतःचं नाव सांगितलं. मग पूर्ण नाव म्हटल्यावर पुढे नवऱ्याचंही सांगावं लागलं.