वरच्या मजल्यावरचं बेसिन

तपासनीसांनी बैठकीच्या खोलीत शिडी लावली, ओल मोजायचं यंत्र छताला टेकवलं आणि यंत्राने लाल दिवा लावला.

"ओल," तपासनीस म्हणाले. प्रत्येक शब्दाचं भाडं भरावं लागत असल्यासारखा हा माणूस बोलायचा.

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या चौकश्याला बरं वाटलं. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण भाजी घेतानाही वाकून तराजूच्या खाली बघायच्या सवयीमुळे बायकोपासून सासऱ्यांपर्यंत सगळे त्याला चौकश्याच म्हणत. घेण्याआधी घर तपासून घ्यायचं हा हट्ट त्याचाच. बायकोने पहिल्या भेटीतच पडदे कोणत्या रंगाचे ते ठरवून टाकलं होतं.

"ती ओल जुनी नाही हो," घरमालक काका म्हणाले. "तुम्ही पहिल्यांदा घर बघायला आलात ना, त्याच संध्याकाळची. मी फिरून आलो तर जिन्यावरून पाणी वाहतंय. वरच्या बेसिनचा नळ चालू, बूच लावलेलं. मीच केलं असणार. घरात दुसरं आहे कोण?" ते हसायला गेले, पण हसू मध्येच अडकलं. "आठवत मात्र काही नाही."

"म्हणूनच," त्यांची लेक म्हणाली. तिला सगळे ताई म्हणत होते, काकासुद्धा. "घर विकून बाबा कोपऱ्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटे राहणार होते. आता ते रद्द. माझ्याकडे राहायचं, माझ्या नजरेसमोर. आज नळ, उद्या गॅस."

काकांनी सतरंजीच्या कडेकडे बघत मान हलवली.

चौकश्याला मात्र सगळं आठवत होतं. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडलं की पाइप तुंबलाय का ते कळतं, असं त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं. त्या दिवशी त्याने बूच लावलं, नळ पूर्ण सोडला, पण पाणीच आलं नाही. तेवढ्यात खालून बायको ओरडली, "अरे, ओटा बघायला ये, ओटा!" आणि तो धावला. नळ तसाच. बूच तसंच.

सांगून टाकावं, झालं. त्याने तोंड उघडलं.

"काका..."

"बोला."

"घर हवेशीर आहे."

"आहे खरं," काका म्हणाले आणि त्याला आणखी एक बिस्कीट दिलं. ते चौकश्याने हातातच धरून ठेवलं.

बोलायची हिंमत नसलेल्या माणसाचं डोकं फार जोरात चालतं. आपण बोलायचंच कशाला? रंगेहाथ पकडलं जावं. वर जायचं, नळ पुन्हा सोडायचा, कोणीतरी ओरडेल, 'अरे, हा तर पाहुण्यांचा प्रताप!' म्हणजे काम फत्ते. योजना त्याला इतकी आवडली की तो लगेच वर गेला, नळ सोडून आला आणि चोराला शोभेल असा चेहरा करून सोफ्यावर बसला.

पण वर गेले काका. खाली आले तेव्हा त्यांचे हात ओले होते आणि चेहरा उतरलेला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "नळ चालू होता गं. सकाळी मी बंद केला होता. पुन्हा जाऊन बघितलाही होता."

ताईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, बाबा. फ्लॅटवाल्याला मी आत्ताच नाही म्हणून कळवते." तिने फोन काढला.

"नळ मी सोडला!" चौकश्या ओरडला. "आत्ताही मीच, तेव्हाही मीच!"

मग काका जवळ आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "किती गुणी मुलगा! म्हाताऱ्याची लाज राखायला आळ स्वतःवर घेतोस?"

"तसं नाही, काका! शप्पथ!"

"हल्ली कोण करतं असं," ताई डोळे पुसत म्हणाली. तपासनीसांनीसुद्धा टोपी काढली. चौकश्या जितक्या शपथा घेई तितका त्याचा मोठेपणा वाढत चालला. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्याच्या पाया पडायला रांग लागली असती.

बायको हे सगळं बघत होती. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं, जिथे तिचे पडदे लागायचे होते. मग सुस्कारा सोडला.

"ताई, हा काही संत नाही. दार लावल्यावर फ्रिजमधला दिवा खरंच विझतो का ते बघायला यानं मोबाइल आत चालू करून ठेवला आणि विसरला. कुठेही गेलो की हा नळ सोडत पुढे आणि मी बंद करत मागे. त्या दिवशी मी ओट्यापाशी रमले."

"सोडला तेव्हा पाणी आलं?" तपासनीसांनी विचारलं.

"नाही ना! म्हणून तर विसरलो."

काका एकदम थांबले. "अरे, त्या दिवशी टाकी धुवायला काढली होती! दुपारभर पाण्याचा थेंब नव्हता. मी चेहरासुद्धा बाटलीतल्या पाण्याने धुतला. वर बेसिनशी गेलोच नाही मी! पाणी आलं ते मी फिरायला गेल्यावर." त्यांची पाठ ताठ झाली. "ताई, मला आठवतंय. सगळं आठवतंय!"

आणि मग ते चौकश्याकडे वळले.

"गाढवा! रोज आरशासमोर उभा राहून नातवंडांची नावं म्हणून बघतोय मी! झोपायच्या आधी गॅसच्या बटणाला हात लावून बसतोय! आणि तू... तू बिस्किटं खातोयस माझी!"

"एकच खाल्लं," चौकश्या पुटपुटला. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"फ्लॅटवाल्याला सांग, मी येतोय," काका लेकीला म्हणाले. "एकटा."

ताईने फोनकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. मग तीही चौकश्याकडे बघू लागली.

"आणि हे घर?" बायकोने बारीक आवाजात विचारलं.

"तुम्हाला द्यायला माझी ना नाही, बाई," काका म्हणाले. "याचं काय करायचं, ते मला ठरवू द्या." ते तपासनीसांना घेऊन उरलेलं घर दाखवायला निघाले, तरातरा, कठड्याला हात न लावता.

चौकश्या हात पाठीमागे बांधून भिंतीपासून लांब उभा राहिला. कोणी बस म्हणालं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.