पिवळ्या दगडानं काढलेला फोटो

१९३६ साली लोणावळ्याच्या बाजारात हौशीरामचं फोटोचं दुकान होतं. तो फोटो काढायचा आणि त्याची बायको रतनबाई मागच्या अंधाऱ्या खोलीत फोटोच्या काचा औषधात धुवायची; तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा.

कुसगावचा दत्तोबा बिहारात अभ्रकाच्या खाणीत कामाला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं हौशीरामला एक पिवळाधमक दगड आणून दिला. अभ्रकासारखे त्याचे पापुद्रे सुटायचे, नखानंसुद्धा ओरखडा उठायचा. हौशीरामनं तो कोऱ्या काचांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून दिला.

आठवड्यानं दत्तोबा आपल्या आईला, धोंडाबाईला, फोटोसाठी घेऊन आला. म्हातारीचा जन्मातला पहिला फोटो. काच धुतली तर नेमका चेहऱ्यावर काळा डाग.

"अंधाऱ्या खोलीचं दार उघडं राहिलं असेल तुझ्याकडून," हौशीराम रतनबाईला म्हणाला.

"नाही राहिलं."

रतनबाईला खात्री होती. तिनं खोक्यातली पुढची काच धुऊन पाहिली. तिच्यावरही त्याच जागी डाग, जरा फिका. दोन्ही डाग त्या दगडाएवढे.

रतनबाईनं एक नवी काच काळ्या कागदात गुंडाळली, वर एक जुनी किल्ली ठेवली आणि किल्लीवर तो दगड. सगळं कपाटात ठेवलं आणि सहा दिवस ते उघडलं नाही. सातव्या दिवशी काच धुतली, तर काळ्या डागात किल्ली दात्यांसकट पांढरी उमटलेली.

हौशीरामनं काच बराच वेळ उजेडात धरली. "उगाच बोललो तुला," तो म्हणाला.

तिनं पुण्याच्या एका विज्ञानाच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं, सोबत दगडाचा एक पापुद्रा पाठवला. उत्तर आलं: दगडात युरेनियम आहे. त्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण सतत निघतात. ते कागदातून पार जातात, किल्लीच्या लोखंडाला अडतात. दगड अंगाजवळ ठेवू नका, त्याची भुकटी पोटात जाऊ देऊ नका. काच घेऊन या, तुम्हीच माझ्या वर्गातल्या मुलांना समजावून सांगा.

दत्तोबा ऐकून गंभीर झाला. "वैनी, आमी तर असले दगड हातानं फोडतो. त्याच हातानं भाकर खातो."

"आता हात धुतल्याशिवाय जेवू नका. बाकीच्यांनाही सांगा."

"व्हय, सांगतो."

परत जाण्याआधी त्यानं आईचा फोटो पुन्हा काढून घेतला. या वेळी एकेक सुरकुती स्पष्ट आली.

पुढच्या सोमवारी रतनबाई पुण्याला गेली. वर्गात तिनं किल्लीची काच सगळ्यांना दाखवली. मग पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "किल्लीऐवजी लाकूड ठेवलं असतं तर?"

"ठेवून बघूया," रतनबाई म्हणाली आणि तिनं पिशवीतून काळ्या कागदात गुंडाळलेली कोरी काच काढली.