विसळायची बादली

दुमडलेल्या पत्र्यावर दुसऱ्यांदा भेग दिसली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हातातलं भिंग टेबलावर आपटलं. भिंग बिचारं निर्दोष होतं, पण राग कुणावर तरी निघायलाच हवा.

बाई रोग्यांच्या डॉक्टर नव्हत्या, रसायनशास्त्राच्या होत्या. सासूबाईंनी मात्र शेजारीपाजारी ‘आमची सून डॉक्टर’ एवढंच सांगून ठेवलेलं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कुणी ना कुणी दुखरा गुडघा घेऊन दारात हजर असायचं. बाई खरं तर पॉलिएस्टर बनवत. त्यावरही सासूबाईंचं म्हणणं तयार होतं, “पॉलिएस्टर म्हणजे कापड. मग तू ते फ्रीजला कशाला लावतेस? सदरा शिवायचाय त्याला?”

फ्रीजला सदरा नको, पण रंग लागतो. पत्रा सपाट असतानाच रंगवतात, भट्टीतून भाजून काढतात आणि मग दुमडून त्याचं दार करतात. म्हणजे रंगानं पत्र्याबरोबर वाकायचं पण तडकायचं नाही, आणि वर चहा, तेल, शाई काही सांडलं तरी डाग धरायचा नाही. वाकणारा रंग डाग धरतो आणि डाग न धरणारा तडकतो, हे या धंद्यातलं जुनं रडगाणं. दोन्ही गुण एकत्र नांदतील असं पॉलिएस्टर बाईंनी दोन वर्षं खपून जमवलं होतं. प्रयोगशाळेत दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये ते अकरा वेळा केलं आणि अकराही वेळा पत्रा निमूट वाकला. खाली कारखान्यात दोन टनांच्या रिअॅक्टरमध्ये दोनदा केलं आणि दोन्ही वेळा रंग तडकला.

“तिसरी बॅच शेवटची,” साहेबांनी सांगितलं. “ती गेली तर हे काम बंद. मग तुम्ही तक्रार विभागात बसा, तिथे माणूस हवाच आहे.”

बाईंनी बॅचचे कागद पुन्हा काढले. दोन्ही वेळा माल हवा त्यापेक्षा पातळ निघाला होता. म्हणजे आतल्या रेणूंच्या साखळ्या पुरेशा लांब झाल्याच नव्हत्या, आणि आखूड साखळ्यांचा रंग तडकतो. शेवटच्या काही तासांत तापमान पडलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. तापमानाचा आलेख काढणारं यंत्र तीन महिने दुरुस्तीला गेलेलं, त्यामुळे दर तासाचा आकडा वहीत हातानं लिहिला जाई. वहीत सगळं जागच्या जागी होतं. इतकं जागच्या जागी, की बाईंना तेच खटकलं. उरलेलं अॅसिड दाखवणारी अॅसिड व्हॅल्यूही बरोबर होती, म्हणजे रिअॅक्शन पुरी झाली होती, आणि खटकायला हवं होतं ते हे, कारण तापमान पडलं असतं तर ती अर्धवट राहिली असती. पण माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं, डॉक्टर झाला म्हणून काही फरक पडत नाही.

वहीतलं अक्षर तारमामांचं होतं. रिअॅक्टरवर एकतीस वर्षं काढलेला हा माणूस. शिजता माल काचेच्या कांडीवर घ्यायचा, दोन बोटांत तार ओढायची आणि “अजून पाऊण तास” म्हणायचं. पाकाची तार बघावी तसं. प्रयोगशाळेचा आकडा यायच्या आत मामांचा अंदाज आलेला असे आणि तो क्वचित चुके. त्यावरून हे नाव पडलं.

बाईंनी मेमो लिहिला आणि साहेबांच्या सहीनं मामांना दिला. त्यात लिहिलं होतं, ‘तापमानाच्या नोंदी खोट्या असल्याचे दिसते. पुन्हा असे घडल्यास कारवाई होईल.’ मामांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि “बरं” म्हणाले. त्या दिवसापासून ते बाईंना मॅडम म्हणायला लागले.

तिसऱ्या बॅचच्या दिवशी बाई सकाळी सातला स्वतःचा थर्मामीटर घेऊन रिअॅक्टरच्या मजल्यावर चढल्या. चोर रंगेहाथ पकडायचाच, असं मनात होतं. दोन वर्षांत त्या हा जिना पहिल्यांदाच चढत होत्या. वर आल्या तेव्हा धाप लागली होती आणि ती लपवता येईना.

“बसा मॅडम,” मामांनी स्टूल पुढे केलं. “वर फार गरम होतं.”

“मी उभीच राहीन.”

आधी ग्लायकॉलचा द्रव आत गेला. मग अॅसिडची पांढरी भुकटी, पोत्यामागून पोतं, मोठ्या नसराळ्यातून. प्रत्येक वजन मामा बाईंनी दिलेल्या तक्त्याशी ताडून बघत होते, खूण करत होते. बाईही बघत होत्या. एका किलोचाही फरक नव्हता. शेवटचं पोतं रिकामं झालं. नसराळ्याच्या आतल्या अंगाला भुकटीचा पातळ थर चिकटून राहिला होता. मामांनी कोपऱ्यातल्या पिंपाचा नळ सोडला, बादली भरली आणि दोन्ही हातांनी उचलून नसराळ्यावर तिरकी केली.

“थांबा!” बाई इतक्या जोरात ओरडल्या की बादली हिंदकळली. “हे काय ओतताय?”

“ओतत नाही. विसळतोय.”

“कशानं?”

“ग्लायकॉलनं. पाण्यानं कसं विसळणार?” मामांना प्रश्नच कळला नाही. “भुकटी राहते ना चिकटून. तेवढं अॅसिड कमी पडलं तर बॅच बिघडते. माझ्या वस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. घासातला घास वाया घालवायचा नाही.”

“मागच्या दोन्ही वेळांना विसळलं होतंत?”

“दर वेळेला विसळतो.”

“मी तुम्हाला विचारलं होतं मामा, तक्त्याबाहेर काही घालता का. तुम्ही नाही म्हणालात.”

“मग घालतो कुठे? घालणं वेगळं, विसळणं वेगळं.” मामांनी बादली खाली ठेवली. ते खोटं बोलत नव्हते. जेवणानंतर ताट धुतलं म्हणून कुणी ‘मी पाणी प्यायलो’ म्हणत नाही.

बाईंनी बादली काट्यावर ठेवायला लावली. आतला माल बारा किलो भरला. त्यांनी पोत्याच्याच कागदावर हिशेब केला. दोन टनांत बारा किलो म्हणजे समुद्रात खसखस, असं कुणालाही वाटेल. जुन्या स्वस्त रंगांच्या मालात ते खपूनही जात होतं, तिथे कुणी एवढं बारीक बघत नव्हतं. पण या पॉलिएस्टरमध्ये प्रत्येक साखळीच्या दोन्ही टोकांना ग्लायकॉल बसतं. ग्लायकॉल वाढलं की टोकं वाढतात, आणि तेवढ्याच मालात टोकं वाढली की साखळ्या आखूड होतात. बारा किलोंनी साखळ्यांची संख्या जवळजवळ दीडपट होत होती. फ्लास्कला नसराळं नव्हतं, म्हणून विसळणंही नव्हतं.

“आज विसळायचं नाही,” बाई म्हणाल्या.

“मग ही भुकटी?”

“झाडू या. ब्रश आहे का?”

ब्रश सापडला, रंगाऱ्याचा, कोरा. मामांचा हात आतपर्यंत पोचेना, बाईंचा पोचला. पाचच मिनिटांत त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. खालून जाणाऱ्या फोरमननं वर पाहिलं आणि हसू दाबत तो पुढे गेला.

त्यानंतर बारा तास बाई तिथेच होत्या. दर तासाला मामा वहीत आकडा लिहीत आणि दर तासाला बाई आपला थर्मामीटर बघत. तासामागून तास तोच आकडा. शेवटचे तीन तास, ज्यांच्यासाठी मेमो गेला होता, त्यांत काटा एका अंशानंही हलला नाही. वाफेचा दाब पडला की मामा खुर्चीवरून न बोलता उठत, झडप एक चतुर्थांश वेढा फिरवत आणि परत बसत. बाईंना लाज वाटू लागली. संध्याकाळी मामांनी तार ओढली. ती हातभर लांबली तरी तुटेना.

“एवढी लांब तार या रिअॅक्टरमधून कधी निघाली नव्हती,” ते म्हणाले आणि कांडीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पत्रा रंगवला, भाजला, व्हाइसमध्ये धरून दुमडला. चिकटपट्टी लावून ओढली, भिंगातून बघितलं. भेग नव्हती. शाईचा डागही पुसून गेला. साहेबांनी पत्रा स्वतः हातात घेऊन उलटासुलटा केला.

“मेमोनं काम केलं बघा,” ते खुशीत म्हणाले. “एकदा कान पिळला की माणसं सुतासारखी सरळ येतात. तुमचं काम चालू राहणार आता, अभिनंदन!”

 बाईंचं दोन वर्षांचं काम तरलं होतं. नोंदी खोट्या नव्हत्या हे सांगायचं, तर आपण न बघता, जिना न चढता एका माणसाला खोटारडा ठरवलं हेही सांगावं लागणार होतं. त्या “थँक यू, सर” म्हणाल्या आणि बाहेर आल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग वर चढल्या.

मामा टेबलाशी बसून वहीत रेघा आखत होते. बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. साखळ्या, टोकं, बारा किलो. मामांनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे दोन्ही बॅच माझ्या बादलीनं गेल्या,” ते शेवटी म्हणाले.

“तक्त्यात ते मी लिहायला हवं होतं. मी कधी वर येऊन बघितलंच नाही.”

“ते तुमचं तुम्ही बघा.” मामांनी वहीतून एक कोरं पान फाडलं आणि लिहायला घेतलं. अक्षर नेहमीसारखं जागच्या जागी. ‘दोन्ही बॅचमध्ये नसराळे विसळताना माझ्या हातून बारा-बारा किलो ग्लायकॉल जास्त गेले.’ खाली सही केली, तारीख घातली. मग दुसरं पान फाडून त्यांनी ते पेनासकट बाईंपुढे सरकवलं.

बाईंनी लिहिलं, ‘तापमानाच्या नोंदींबाबत माझा गैरसमज झाला होता.’

मामांनी वाचलं. गैरसमज या शब्दावर बोट ठेवलं.

“मेमोत ‘खोट्या’ होतं,” ते म्हणाले. “इथेही तेच लिहा.”

बाईंनी ती ओळ खोडली आणि खाली नवी लिहिली. ‘नोंदी खऱ्या होत्या. खोटं मी लिहिलं.’