नाकमावशीचा शिक्का

नाकमावशीचं नाक असं की शेजारच्या गल्लीत कुणी खोटं बोललं तरी तिला शिंक येते, अशी वदंता होती. ती खरी नव्हती. खरं एवढंच, की डब्यातला वाटाणा नुसता हुंगून तो कोणत्या आठवड्यात सोलला हे ती सांगायची, आणि सोलणारीने हात धुतले होते की नाही हेही. डबाबंद सुपाच्या त्या कारखान्यात तिला पगार मिळायचा तो या नाकाचाच. प्रत्येक पिंप आधी मावशीने हुंगायचं, मग कार्डावर शिक्का मारायचा, मग डबे भरायचे. शिक्का नाही तर डबा नाही.

तिला देव मान्य नव्हता. तसं ती तोंडावर सांगायची, आणि ते मालकांच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. मालक भारी भाविक. रोज सुटीआधी कारखान्यात प्रार्थना, आणि प्रार्थनेला शांतता हवी म्हणून सगळी यंत्रं बंद. पंखेसुद्धा बंद. माशीलाही भिंतीवर बसूनच ऐकावं लागे.

त्या शनिवारी मालक असे काही रंगले की लोक हमसून हमसून रडले आणि डोळे पुसत थेट घरी गेले. पिंप थंड ठेवणारं यंत्र पुन्हा चालू करायचं कुणालाच सुचलं नाही. रविवारची सुटी, वर ऊन रणरणतं.

सोमवारी मावशी फाटकातच थबकली. पदर नाकाला लावला तरी वास पदरातून आत आला. पिंपाचं झाकण उचललं, तर वर पिवळट साय, तिच्यावर बुडबुडे, आणि ते बुडबुडे एकेक करून फुटत होते, आतून कुणी ढेकर द्यावी तसे. सातशे लिटर कोंबडीचं सूप! जाणार होतं हॉस्पिटलात, ज्यांना दुसरं काही पचत नाही अशांसाठी.

"ओता गटारात," मावशी म्हणाली.

मुकादम तिचा सख्खा धाकटा दीर. त्यानेच तिला इथे चिकटवलं होतं. तो कानाशी आला. "वहिनी, हळू बोल. हे प्रार्थनेमुळे नासलं असं म्हणायचंय का तुला? मालकांना काय वाटेल?"

"प्रार्थनेने नाही, भावजी. तुम्ही यंत्र चालू केलं नाहीत म्हणून."

"तेच ते! पुन्हा उकळू, मिरी घालू. मार की शिक्का. दादा घरी बसलाय, तुझ्या नोकरीवर घर चाललंय, विसरलीस?"

ती विसरली नव्हती. शिक्का मुठीत घट्ट धरून ती उभी राहिली. तेवढ्यात मालक आले. अत्तर लावून आले होते. अत्तर आणि नासलेली कोंबडी एकत्र झाल्यावर मावशीने पदर नाकावर आणखी घट्ट दाबला.

"या पिंपावर प्रार्थना झालीय," मालक मऊ आवाजात म्हणाले. "यातून कुणाचं वाईट होणार नाही. तुला ते कळायचं नाही. देवाचा धाक नसलेला माणूस म्हणजे झाकण नसलेला डबा. आत कधी काय पडेल, नेम नाही."

"आणि झाकण असलेल्यात काय कुजतंय ते मला बाहेरून कळतं, मालक."

"तू काय मोठी साध्वी आहेस?"

"छे! इथले चार साबण नेलेत मी घरी. पण हे आजारी माणूस पिणार आहे. 'नको' म्हणायला याहून जास्त काय लागतं?"

मग मावशीने पळी पिंपात बुडवली, भरून वर काढली, आणि त्यांच्यापुढे धरली. पळीतून तार सुटत होती. "प्रार्थना झालीय ना? घ्या."

मालक एक पाऊल मागे सरले. "आज माझा उपवास आहे."

पळी मुकादमाकडे वळली. त्याचाही उपवास निघाला. मग भट्टीवाला, डबे लावणाऱ्या चौघी, कारकून, रखवालदार, सगळ्यांचाच! कारकून तर तोंडातला खाऱ्या बिस्किटाचा तुकडा गालात दडवून "कडक, पाणीसुद्धा नाही" म्हणाला. अवघ्या मिनिटात सगळा कारखाना इतका धर्मनिष्ठ झाला, की पळीकडे बघायलाही कुणाचे डोळे वर होईनात.

मावशीला वाटलं, आता तरी कुणी लाजेल.

मालकांनी तिच्या मुठीतला शिक्का काढून घेतला आणि मुकादमापुढे धरला. मुकादमाने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि कार्डावर ठक्कन मारला.

तो ठक्क ऐकला आणि मावशीला सूप बरं वाटलं. ते निदान उन्हाने नासलं होतं.

ती खाली वाकली आणि पिंपाची तोटी पूर्ण उघडली. सूप धबधब्यासारखं सुटलं. बायका स्टुलांवर चढल्या, कारकून टेबलावर, आणि मालकांच्या पांढऱ्या बुटांत ते गुळगुळ करत शिरलं.

"देव बघतोय!" मालक किंचाळले.

"बघू दे. वास घ्यावा लागत नाही हे त्याचं नशीब."

तोटी बंद करायला कुणी हात घातला नाही. हात बरबटले असते. शेवटची साय गटाराच्या जाळीवर येऊन अडकली, तीही मावशीने झाडूने लोटली. मग मालकांनी तिला हाकललं, तशी ती पाय धुऊन निघाली.

दीर फाटकापर्यंत मागे धावत आला. "वहिनी, शिक्क्याचं घरी काही बोलू नकोस. दादाला तर नकोच."

"नाही बोलणार."

त्याने हुश्श केलं.

"पण उद्यापासून तुमचा डबा तुम्हीच भरा, भावजी. तुमचं ताट मी वाढणार नाही, आणि तुमच्या हातचं पाणी घेणार नाही. कारण विचारलं तुमच्या दादाने, तर तुम्हीच सांगा."

आणि रस्त्याच्या कडेला बसून ती पोटातलं सगळं ओकली.