न हलणारा आकडा

माझा नवरा मिल्टन रेडिओवर बोलत होता आणि मी दोन्या एलिदांच्या केसांना रंग लावत होते. दोन्या एलिदा, म्हणजे एलिदाबाई, आमच्या शेजारीण. माझ्या पार्लरमध्ये येतात त्या केसांसाठी कमी, गप्पांसाठी जास्त.

"तुझा नवरा काय बोलतो गं पोरी! माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात एवढी वाक्यं बोलली नाहीत."

"मग सुखात होतात तुम्ही," मी म्हटलं.

आमच्या सालतो गावात रेडिओ नारांहाल लागत नाही असं घर नाही. सकाळी संत्र्यांचे भाव, दुपारी मळ्यांवरच्या माणसांना निरोप, आणि मधल्या वेळेत कुणीतरी पाहुणा. त्या दिवशीचा पाहुणा मिल्टन होता. विषय काय, तर आवडतं सॉफ्टवेअर आणि नव्या वाटा काढणाऱ्या कंपन्या. आठवडाभर त्याने मला जेवताना, भांडी घासताना, अगदी आंघोळीतून ओरडूनसुद्धा हेच ऐकवलं होतं. मी कानावर हात ठेवायचे, तर तो आणखी मोठ्याने बोलायचा.

"कंपनी मोठी कशाने होते, रुबेन?" तो निवेदकाला विचारत होता. "इमारतीने नाही. जी कंपनी आपल्या सॉफ्टवेअरचा डबा गिऱ्हाइकाला उघडून बघू देते, ती मोठी. तिकडे राजधानीत, मोंतेविदेओत, चार पोरं गाईंच्या गळ्यातले पट्टे बनवतात. गाय आजारी पडायच्या आधीच पट्टा सांगतो. मी त्यांना एक चूक कळवली, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त! अशा लोकांना मी डोक्यावर घेऊन नाचेन. आणि त्या दुसऱ्या, झाकण घट्ट लावून बसणाऱ्या? त्यांचं यंत्र सोन्याचं असलं तरी मला नको."

"गाईंचं राहू दे, घरचं सांग," रुबेन हसून म्हणाला.

झालं. आता हा कोलिब्रीवर येणार हे मला ठाऊकच होतं.

इरुपे आमची एकुलती एक मुलगी, दहा वर्षांची. पाच वर्षांची असताना तिला मधुमेह असल्याचं कळलं. तिच्या दंडावर सेन्सर असतो, कमरेला इन्सुलिनचा पंप, आणि दोघांच्या मध्ये फोनवर हे कोलिब्री. सेन्सर साखर मोजतो, कोलिब्री हिशेब करून पंपाला सांगतं, इन्सुलिन वाढव, कमी कर, थांबव. कुठल्या कंपनीने नाही, जगभरच्या अशाच पोरांच्या आईबापांनी मिळून ते बनवलं आणि फुकट वाटलं. मिल्टन त्यांच्यातलाच एक. खोटं कशाला बोलू, कोलिब्री आलं आणि आम्ही दोघं कित्येक वर्षांनी रात्रभर सलग झोपलो. बाकी सगळ्यावरून मी नवऱ्याला बोलते, त्यावरून कधी नाही.

"आत्ता माझी मुलगी शाळेच्या सहलीला गेलीय, वर गरम पाण्याच्या कुंडांवर," मिल्टन सांगत होता. "आणि इथे बसून मला तिची साखर दिसतेय. हे बघ, एकशे अठरा. जागची हलत नाही! परवाच मी तिच्या फोनवर नवीन आवृत्ती टाकली. त्या आवृत्तीतल्या दोन सुधारणा माझ्या स्वतःच्या आहेत. ही जादू नाही तर काय, सांग मला?"

मी हातमोजा काढून माझा फोन बघितला. एकशे अठरा. क्षणभर मलाही बरं वाटलं.

मग आठवलं की रंग कालवायला घेतला तेव्हाही एकशे अठराच होतं. दोन्या एलिदा दारातून आत आल्या तेव्हाही तेच.

साखर अशी बसून राहत नाही हो! पाच वर्षं मी ती त्या इवल्या बोटांना सुया टोचून मोजलीय. पोरगी घोटभर सरबत प्यायली की साखर चढते, जिना चढली की उतरते, रडली तरी हलते. आणि पाण्यात हुंदडणाऱ्या पोरीची साखर एका आकड्यावर ठाण मांडून बसेल?

मी नोएलियाबाईंना फोन लावला. इरुपेच्या वर्गाच्या बाई त्या. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तीस पोरांमागे धावणारी बाई, फोन कुठल्यातरी पिशवीत असणार. कुंडांच्या कचेरीचा नंबर लावला, तर तो सारखा व्यस्त.

"काय झालं गं? चेहरा का असा पडला?" दोन्या एलिदांनी विचारलं.

"हा आकडा खोटा आहे, दोन्या. पाण्यात खेळून तिची साखर खाली जातेय, वर पंपही चालूच, आणि तिथे कुणाला पत्ताच नाही."

"अगं मग नवऱ्याला लाव!"

"तो रेडिओवर बोलतोय, फोनचा आवाज बंद ठेवलाय त्याने—"

आणि बोलता बोलता मला वाल्देमार आठवला. शाळेच्या बसचा ड्रायव्हर. पोरं पाण्यात असली की हा बसमध्ये पाय पसरून मळ्यांवरचे निरोप ऐकत बसतो. त्याचा भाऊ कुठल्याशा मळ्यावर गुरं राखतो, म्हणून तो दुसरं काही लावतच नाही. मी रेडिओचा नंबर फिरवला.

"बाई, कार्यक्रम संपला की निरोप घेतो," तिकडची मुलगी म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता जोड मला! नाहीतर तिथे येऊन तुझी मान पिरगाळीन!"

तिने जोडलं. माझाच आवाज मला पार्लरमधल्या रेडिओतून ऐकू यायला लागला.

"मिल्टन, मी निदिया."

"अरे वा! रुबेन, बायको आली, आता माझं काही खरं नाही." दोघंही हसले.

"इरुपेचा आकडा हलत नाहीये."

"तेच तर सांगतोय ना मी लोकांना! नवीन आवृत्ती इतकी—"

"अरे माणसा, ती पाण्यात आहे!"

सेन्सरचा सिग्नल पाण्यातून जात नाही आणि बाहेर आल्यावरही जुळायला काही मिनिटं लागतात, हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. पूर्वी सिग्नल तुटला की आकडा जाऊन तिथे दोन रेघा यायच्या.

"रेघा कुठे गेल्या, मिल्टन?"

"मी काढल्या," तो म्हणाला. आवाज पार बसला होता. "रेघा दिसल्या की तू घाबरायचीस. म्हणून नवीन आवृत्तीत शेवटचा आकडा तसाच राहू दिला. तुझ्यासाठीच केलं, निदिया."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! समोर असता तर काय केलं असतं देव जाणे. पण भांडायला वेळ कुठे होता?

"वाल्देमार!" मी ओरडले. "बसमध्ये असशील तर ऐक. चौथीतली इरुपे, लाल पोहण्याचे कपडे, दंडावर पांढरी चकती. तिला पाण्यातून बाहेर काढ. तिची साखर उतरलीय. गोड पाज तिला, सरबत, साखरपाणी, काहीही!"

रुबेनचं हसू कुठल्या कुठे पळालं. निरोप सांगायच्या त्याच्या नेहमीच्या संथ, ठणठणीत आवाजात त्याने सगळं पुन्हा सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं. मागून मिल्टनचा आवाज येत होता, "आधी गोड पाजा, मोजत बसू नका, आधी गोड."

आम्ही वाट बघत बसलो. दोन्या एलिदांच्या कपाळावरून रंग ओघळत होता आणि त्या डोळे मिटून देवमातेला हाका मारत होत्या. मी देवाचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, बोलायला तोंड उघडलं तर मी किंचाळेन.

फोन वाजला तो नोएलियाबाईंचा, पण त्यावर वाल्देमार होता. धापा टाकत होता.

"सापडली! शुद्धीवर आहे. मानेपर्यंत पाण्यात, कठडा धरून उभी होती, पांढरीफटक. मला ओळखलंच नाही, आजोबा म्हणाली. ओढून बाहेर काढली आणि संत्र्याचं सरबत पाजलंय, दोन बाटल्या. आता हातपाय कापायचे थांबलेत. ताई, हात सुटला असता तर..."

"पुढचं बोलू नकोस," मी म्हटलं.

मिल्टन गाडी घेऊन आला. मी शेजारी बसले आणि आम्ही कुंडांकडे निघालो. मी मनातल्या मनात त्याला काय काय सुनवायचं ते जुळवत होते, आणि ते बरंच होतं.

इरुपे बसच्या पायरीवर टॉवेलात गुंडाळून बसली होती. मी तिचं बोट टोचलं. ब्याण्णव. मग कुठे माझ्या जिवात जीव आला आणि मी तिला अशी आवळली की ती "आई, दुखतंय" म्हणाली.

मिल्टन तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"बाळा, तुला कसंतरी होत नव्हतं का गं? थरथर, चक्कर?"

"होत होतं, बाबा. खूप होत होतं."

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण आधी बाहेर येऊन पिशवीतला फोन बघितला." ती त्याच्याकडे बघत होती. एवढी साधी गोष्ट याला कळत कशी नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "त्यावर एकशे अठरा होतं. ते तू बनवलंयस ना? मग म्हटलं, मलाच उगीच होतंय. म्हणून परत पाण्यात गेले."