सुनेची खुर्ची

माझ्या सुनेला हॉस्पिटलनं एकाच महिन्यात दोन गोष्टी विचारल्या. एक, आयसीयूतल्या नर्सिंगचं वरचं ट्रेनिंग घेतेस का? दुसरी, हॉस्पिटलचा कारभार चालवायची डिग्री करतेस का? नोकरी राखून ठेवणार होते, पण दोन्हींतलं एकच घ्यायचं होतं. पहिलं घेतलं की जन्मभर पेशंटच्या उशाशी उभं राहायचं. दुसरं घेतलं की खुर्ची, टेबल, टेबलावर नावाची पाटी आणि रविवारी घरी.

मी खुर्चीच्या बाजूची होते. माझी शाळा चौथीत सुटली, पण बसलेल्याला लोक ‘अहो’ म्हणतात आणि उभ्याला ‘ए’ म्हणतात, एवढं कळायला पाचवी लागत नाही. सून ड्युटीवरून यायची ती पाय ओढत. जेवता जेवता डोळे मिटायची. एवढी हुशार पोरगी दुसऱ्यांचे बेडपॅन उचलण्यात जन्म घालवणार का, असं मी घरात म्हणायचे, जिन्यात म्हणायचे, सासरी असलेल्या थोरल्या लेकीला फोनवर म्हणायचे. त्यामुळे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं की सासूला खुर्ची हवी आणि सुनेला आयसीयू. माझा मुलगा कुणाच्याच बाजूचा नव्हता. त्याला मी होयबा म्हणते. आईला हो, बायकोला हो, आणि दोघी समोर आल्या की ह्याला नेमका फोन येतो.

सुनेला आयसीयूच का हवं होतं, तेही मला ठाऊक होतं. आमचे हे शेवटी त्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. सून साध्या वॉर्डातली नर्स, म्हणून तिथं ती फक्त नातेवाईक. आम्ही दोघी काचेबाहेर उभ्या. मशीनवरच्या रेघा हलताहेत म्हणजे बरं चाललंय, असं मी धरून चाललेले. तिला त्या रेघा वाचता येत होत्या. ती नुसता माझा कोपर धरून होती, आणि तिची बोटं आवळत गेली तसं मला कळत गेलं. आतली नर्स नवखी होती. तिनं ह्यांना काही न सांगता भस्सकन कुशीवर वळवलं. सुनेनं काचेवर टकटक केलं. आतून हातानंच खूण आली, बाहेर थांबा.

तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं. मी खुर्चीचं टुमणं लावलं की म्हणायची, “आई, मला काचेच्या आत जायचंय.” आणि मी म्हणायचे, आत काय ठेवलंय, बाहेर वारा तरी येतो.

त्याच दिवसांत तिचं काहीतरी बिनसलं होतं. खालचा ड्रॉवर ती पायाच्या अंगठ्यानं उघडायला लागली. चमचा पडला तर स्वतः वाकायची नाही, होयबाला हाक मारायची. मी मनात म्हटलं, खुर्ची यायच्या आधीच बाईसाहेबांचा तोरा आला.

एका सकाळी ड्युटीची वेळ झाली तरी ती खोलीबाहेर येईना. दार लोटलेलं होतं. मी आत गेले. ती पलंगाच्या कडेला बसली होती, एका पायात मोजा, दुसरा हातात. मोकळ्या पायाकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

मी तिच्या हातातला मोजा काढून घेतला आणि खाली बसले. माझे गुडघे असे वाजले की शेजारी ऐकू गेलं असेल.

“आई, नको.” सासू पायाशी बसलेली बघून तिनं पाय मागं घेतला.

“पाय इकडं कर,” मी म्हटलं. “नाहीतर जा एका मोज्यानिशी.”

मोजा चढवता चढवता सगळं बाहेर आलं. दुसऱ्याच दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांना ती गुपचूप दाखवून आली होती. इतकी वर्षं माणसं उचलून, वळवून, सरकवून तिचे मणके गेले होते. उचलायला दोघं हवीत असा नियम आहे, पण दुसरं माणूस असतं कुठं? आता वजन उचलायचं नाही, कधीच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

म्हणजे मी जिंकले होते. खुर्ची आपल्या पायानं चालत आली होती. आणि मला काय झालं कोण जाणे, मीच वकिली करायला लागले. म्हटलं, तू आयसीयूच घे. तिथं मशीनं असतात, माणसंही जास्त असतात, उचलतील दुसरे. कुणाला सांगू नकोस, मीही बोलणार नाही.

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, “परवा एका आजोबांना पलंगावरून खुर्चीत बसवत होते. मध्येच माझी कंबर गेली. वॉर्डबॉय धावला म्हणून, नाहीतर ते पडलेच होते. वर ते मलाच म्हणाले, माफ कर पोरी, माझंच वजन जास्त आहे.” पुढं म्हणाली, “काडीसारखे आहेत ते, आई.”

त्याच दिवशी तिनं चमक भरली असं सांगून औषधं वाटायचं काम मागून घेतलं होतं. चमक आठवड्यानं जाते असं सगळ्यांना वाटत होतं. ही जाणार नव्हती. पुन्हा एखादा माझ्या हातून सुटला तर, एवढंच ती परत परत विचारत होती. माझी वकिली तिथंच संपली.

मग तिनं एक मागणं मागितलं. आयसीयू आपण नको म्हणतोय, ते का, हे तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ती आली की बाकीच्या नर्सा स्टूल पुढं करतील, गळा काढून बोलतील, ते तिला नको होतं. होयबालाही इतक्यात सांगायचं नव्हतं. तो तोंडानं गप्प बसतो पण चेहऱ्यानं सगळं सांगून टाकतो.

“तुम्ही अडवलंत असं सांगू का?” ती म्हणाली. “सासू नाही म्हणाली, एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.”

“म्हणजे जगात मी बदनाम.”

“ते तुम्ही आहातच की.”

आम्ही दोघी हसलो. तिचा पाय माझ्या मांडीवर होता. हसता हसता ती पुन्हा रडायला लागली, तेव्हा मी म्हटलं, सांग खुशाल.

ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मीच आधी पाया घालून ठेवला होता, कुणालाच नवल वाटलं नाही. होयबा माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. समोर ताट ठेवायचा आणि खोलीत निघून जायचा. थोरलीनं फोनवर विचारलं, यात तुला काय मिळालं गं? मी म्हटलं, रविवारची सून. तिनं फोन ठेवला. पोटची पोरं आपल्याबद्दल काय काय खरं मानायला तयार असतात, ते तेव्हा कळलं. बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून बोलले नाही.

मग एका दुपारी तिच्या हॉस्पिटलची मेट्रन घरी आली. वयस्क, ताठ कण्याची बाई. सून घरात होती, पण ती म्हणाली की मला तुमच्याशीच बोलायचंय. सुनेनं चहा आणून ठेवला आणि भांडी घासते म्हणून आत गेली.

मेट्रन खुर्चीच्या कडेवर बसली. “तुमच्या सुनेसारखे हात माझ्या वॉर्डात पुन्हा येणार नाहीत,” म्हणाली. मग सांगत राहिली. सुई टोचू न देणारा एक म्हातारा फक्त हिच्यापुढं हात करतो. ऑपरेशननंतर बोलणंच टाकलेली एक बाई पहिल्यांदा बोलली ती हिच्याशी, पाणी मागितलं. नव्या पोरींना मी शिकवत नाही, म्हणाली, नुसतं हिच्या मागं उभं करते. “आणि ही वॉर्डात आली की नातेवाईक खाली बसतात. सकाळपासून उभे असलेले. तिला बघितलं की त्यांना बसावंसं वाटतं.” आत मघापासून वाहणारा नळ बंद झाला होता.

सोमवारी आयसीयूच्या ट्रेनिंगची ती जागा दुसरीला द्यावी लागेल, मेट्रन म्हणाली. अजून हो म्हणा.

माझ्या जिभेवर खरं आलं होतं. पण ही बाई अशी होती की मी तसूभर जरी नरमले असते, तरी ती खोदत खोदत मुळाशी गेली असती. म्हणून मी आवाज चढवला. म्हटलं, माझ्या सुनेनं परक्यांची घाण आता उपसायची नाही. खुर्ची मिळतेय, तर बसू दे तिला गपचूप.

मेट्रननं चहाचा कप तसाच ठेवला आणि उठली. “अशा सासवा संपल्या असं मला वाटलं होतं.”

“एक उरली होती,” मी म्हटलं.

दार लागल्यावर सून बाहेर आली. त्यांना फार लागेल असं बोललात, म्हणाली. मी म्हटलं, कमी बोलले असते तर उचलून नेलं असतं तुला. ती माझ्या शेजारी बसली. गार झालेल्या चहावर साय धरली होती, तिच्याकडे आम्ही दोघी बघत राहिलो.

“नळ चालू होता,” ती म्हणाली. “काय सांगत होत्या त्या?”

मी नळाचं काही काढलं नाही, तिला सगळं सांगितलं. तिचे हात, सुईवाला म्हातारा, पाणी मागणारी बाई, मागं उभ्या राहणाऱ्या पोरी. शब्दाला शब्द सांगितला, पदरचं काही घातलं नाही. संपल्यावर ती म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नातेवाईक खाली बसतात, इथपर्यंत आले तेव्हा तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“इथंच थांबा, आई.”

मला थांबायची सवय नाही. पण थांबले.