धुळघाटच्या पोटातला वळसा

मी एक जुना वळसा आहे. रस्त्यावरचा नव्हे हं मित्रांनो, खेळण्यातल्या रेल्वेचा! जुना म्हणजे सात-आठ उन्हाळ्यांचा, पण सगळं आयुष्य अंधारात काढलं की वय जरा जास्तच वाटतं. चकली मधून उचलून वर ताणावी, तसा माझा आकार. अंग प्लायवूडचं आणि त्यावर बारीक रूळ.

अमरावतीला राजापेठेत देवमन आजोबांच्या गच्चीवर टिनाची खोली आहे. तिथल्या मोठ्या टेबलावर अकोटचं स्टेशन आहे आणि पोतं-प्लास्टर लिंपून केलेला धुळघाटचा डोंगर आहे. गाडी बोगद्यात शिरते आणि डोंगराच्या पोटात माझ्यावरून गोल गोल फिरत टेबलाखाली उतरते. तिथे लपवलेल्या रुळांवर बाकीच्या गाड्या उभ्या असतात. ही तिथे थांबते, दुसरी वर येते. बघणाऱ्याला वाटतं, एक खंडव्याला गेली, दुसरी तिकडून आली. टाळ्या पडतात त्या स्टेशनला. मला कोण विचारतो! वाईट वाटायचं मला, खोटं कशाला बोलू?

आजोबा खऱ्या अकोला-खंडवा मीटरगेजवर रुळांचे मुकादम होते. खऱ्या धुळघाटात गाडी अशीच डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांना वरून ओलांडून पुढे जायची. ती मीटरगेज बंद झाली आणि आजोबांनी मला बांधायला घेतलं. नकाशा नातीचा, दीक्षाचा. पहिल्यांदा चढ इतका उभा झाला की इंजिनाची चाकं जागीच फिरत राहिली. मग तिने माझा घेर वाढवला. पुढे डोंगरावरून मात्र दोघांचं चांगलंच वाजलं.

"आजोबा, डोंगराला मागून खिडकी ठेवू. गाडी आत अडकली तर हात कुठून घालायचा?"

"धुळघाटच्या डोंगराले कुठी खिडकी होती व? अन् अडकते कावून? माह्या हातचे रूळ हायेत!"

झालं, डोंगर बंद! आणि आणखी एक ऐका. रूळ उन्हाने फुगतात म्हणून जन्मभर सांध्यांत फट सोडणारा हा माणूस; पण माझे सांधे त्याने पक्के जोडून टाकले. घरात कुठलं ऊन, म्हणे! अहो, वऱ्हाडातला मे महिना आणि डोक्यावर टिन! उन्हाळ्यात ते गाड्या झाकून ठेवत, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं.

गेल्या मे महिन्यात अकोटहून एस.टी.ने चंद्रभानकाका आले. त्याच लाइनवरचे ड्रायव्हर. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उरलीसुरलीही जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते.

"जय भीम, देवमन. थोडंफार दिसते तोवर आपली गाडी एकदा घाट चढतानी दाखव, राजा."

आजोबांनी लगेच गाडीवरचं कापड काढलं. खाली जाऊन मग घाट चढत वर यायचं म्हणून गाडी ऐटीत बोगद्यात शिरली, माझ्या दुसऱ्या फेऱ्यावर आली आणि धाड! तापून फुगलेला रूळ वाकडा झाला होता. इंजिन आडवं पडलं, डबे एकमेकांवर चढले.

वर सगळे वाट बघत राहिले. गाडी काही येईना. दीक्षा टेबलाखाली शिरली, पण तिचा हात पोचेना. मग काकांचा आवाज आला, अगदी हळू.

"देवमन, हेबी बंद पडली काय रे?"

मी हादरलोच. आणि एकदम माझ्या डोक्यावर करवत घरघरू लागली! बाप रे! आजोबा स्वतःचाच डोंगर कापत होते! ज्याला खिडकी नको म्हणून नातीशी भांडले, तोच! अंगावर प्लास्टरची ढेकळं कोसळली. मला वाटलं, संपलं, आता आपण भंगारात. तेवढ्यात एक मोठा तुकडा निघाला आणि माझ्यावर लख्ख उजेड पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

आजोबांचा हात आत आला, पण खालच्या फेऱ्याच्या अंधारात नुसता चाचपडत राहिला.

"सर बाजूले," काका म्हणाले. "अंधारात शोधाची सवय आता मलेच हाय."

त्यांचं बोट रुळावरून सरकत आलं आणि नेमकं वाकड्या जागी थांबलं. डोंगर बंद झाल्यापासून मला कुणी हात लावला नव्हता. रडूच आलं मला.

"रूळ फुगला, राजा! अन् म्हणे मुकादम!"

आजोबा हसता हसता डोळे पुसू लागले. काकांनी गाडी अलगद बाहेर काढली. दीक्षाने रूळ सरळ केले, सांध्यांत फटी पाडल्या आणि गाडी पुन्हा सोडली. काका स्टेशनकडे फिरकलेच नाहीत. माझ्या वरच्या फेऱ्याला बोट टेकवून ते खिडकीशीच उभे राहिले. गाडी खालून निघाली तसे ओरडले, "आली! आली! घाट चढून राहिली!"

ती खिडकी आजोबांनी पुन्हा लिंपली नाही. आता काकांना काहीच दिसत नाही. तरी ते येतात आणि आले की थेट माझ्याकडे येतात.

मित्रांनो, जिवापाड जपलेलं काही लपवायचं तर खुशाल लपवा, पण तिथवर एखादा हात पोचेल एवढी वाट ठेवा. कोण कधी आत अडकेल, सांगता येत नाही.

आजही काका आले. आत हात घालून म्हणाले, "हायेस ना रे?" मी पडलो लाकूड, काय बोलणार? पण खालून गाडी निघाली होती. त्यांच्या बोटाखाली माझा रूळ थरथरला आणि काका हसले.